मामूच्या गाडीच्या बांगड्या

"हात ढिल्ला सोड, माय."

आमच्या वाशीमच्या बाजारात हे वाक्य न ऐकलेली बाई शोधून दाखवा. शाळकरी पोरीपासून तिच्या पणजीपर्यंत सगळ्यांचे हात ज्याच्या हातातून गेले, तो बांगडीवाला गावाचा मामू. माझा फोटो स्टुडिओ त्याच्या दुकानासमोर. माझं अर्धं आयुष्य कॅमेऱ्याच्या भिंगातून आणि उरलेलं मामूच्या दुकानाकडे बघण्यात गेलं. दोन्हींपैकी करमणूक कुठे जास्त झाली, हे मी सांगायला नको.

मामू का, काका का नाही? त्यालाच विचारलं होतं मी एकदा. म्हणाला, "फोटोवाले, परक्या बाईचा हात धराचा म्हणजे नातं लागते. काका म्हटलं तं वाटणी आली, भांडण आलं. मामा म्हटला का नुसता घेऊन येणारा." मग नव्या बांगडीचा पुडा दातांनी सोडत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "हात ढिल्ला सोड, माय. बांगडी भरून राह्यलो, बेडी नाई."

ही 'हात ढिल्ला सोड'ची सवय दुकानापुरती नव्हती. माझ्याकडे लग्नाळू मुलं फोटोला येत आणि पोलिसात भरती व्हायला उभी असल्यासारखी ताठ होत. मी काही बोलायच्या आत रस्त्यापलीकडून आरोळी यायची, "अरे हात ढिल्ले सोड, लेका! फोटो काढून राह्यला थो, सुई टोचून नाई राह्यला!" पोरगा हसायचा आणि तेवढ्यात मी बटण दाबायचो. माझे सगळ्यात चांगले फोटो मामूने काढलेले आहेत.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो दगडावरची रेघ होता. भरताना बांगडी फुटली तर दुकानदाराची. दुकानाची पायरी उतरल्यावर फुटली तर तुमची. पायरी उतरता उतरता एका बाईची बांगडी कठड्याला लागून फुटली, तेव्हा तिचा एक पाय पायरीवर होता की दोन्ही खाली, यावर मामूने भर बाजारात पंचनामा केला होता. मलाही साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, दोन्ही पाय हवेत होते. दोघांनीही मला वेड्यात काढलं.

आणखी एक खोड. गोल वस्तू दिसली की तिचं बांगडीचं माप सांगायचं. भाकरी दिसली, "दोन-सहा." पाण्याची टाकी दिसली, "याले माहा हात पुरत नाई." एकदा चंद्रग्रहणाच्या संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्यावर उभी असताना हा म्हणाला, "आता दोन-चारची बी बसन." तर मंडळी, असा माणूस चारचाकीच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला तर काय होईल, याची कल्पना तुम्ही करा. मी करायची गरज नाही. मी तिथे होतो.

त्याला गाडी घ्यायला लावली ती त्याच्या आपाने. आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. आसेगावला दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही, दोन खोल्या आणि एक कडुनिंब एवढा संसार. आपाला एकच दुखणं: डिझेलचा वास. एस.टी. लांबून दिसली तरी तिच्या पोटात कालवायचं. जीपमध्ये बसवून बघितलं, ऑटोत बसवून बघितलं, दर वेळी पुढच्या नाल्याशीच उतरून परत. त्यामुळे माहेर इतक्या जवळ असून आपाने कित्येक वर्षांत वाशीम पाहिलं नव्हतं. मामूच बसने जायचा आणि यायचा.

एरवी ते चाललं असतं. पण मामूच्या लेकीचं लग्न ठरलं. ही लेक शाळेत विज्ञान शिकवते, हे ध्यानात ठेवा. मामूच्या घरात एक रीत आहे. बाप जगाच्या लेकींना बांगड्या भरतो, पण घरच्या नवरीच्या हातात पहिली बांगडी फुफीने, म्हणजे आत्याने भरायची. मामूच्या बहिणीला मामूच्या आत्याने भरली, त्या आत्याला तिच्या आत्याने. आणि या नवरीची फुफी जगात एकच, आणि ती डिझेलला भिऊन आसेगावात बसलेली.

"ते नसन आली तं पोरीचा हात नंगा राह्यते, फोटोवाले," मामू म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला स्वतःचे हात ढिले न सोडता बसलेला पाहिला.

मग अकोल्याहून एक इलेक्ट्रिक गाडी आली. जुनी, वापरलेली, पांढरी, अंघोळीच्या साबणाची वडी अर्धी झिजल्यावर दिसते तशी. धूर नाही, वास नाही, आवाजही नाही. बॅटरी थकलेली होती, पण लेकीने हिशेब करून घेतली होती: आसेगावला जाऊन परत येण्याइतका दम तिच्यात आहे. दोघं बापलेक एकदा जाऊनही आले. आपाने अंगणातच गाडीला चारही बाजूंनी नाक लावलं, खरबूज निवडतात तसं. शेवटी बोनेटवर थाप मारून म्हणाली, "येईन. पण आत्ता नाई. लग्नालेच येईन." परत आले तेव्हा बॅटरीत थोडं उरलंही होतं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं.

लग्नाला चार-दोन दिवस उरले असतील. मांडव पडला, माळा लागल्या, आणि त्या उजेडात मामूने गाडी नीट पाहिली. मी पाहिलं की तो गाडीभोवती फिरतोय, आणि दर चाकापाशी थांबून 'च् च्' करतोय.

"काय झालं, मामू?"

"चार हात हायेत, अन् चारही नंगे," तो म्हणाला.

गाडीची चाकं बारीक होती. अरुंद टायर, आणि वर करड्या प्लॅस्टिकच्या सपाट ताटल्या. गाडी बनवणाऱ्याने ती विचार करून लावली होती, पण बांगडीवाल्याच्या डोळ्यांना ती विधवेच्या मनगटासारखी दिसत होती. "बांगड्यावाल्याची गाडी, अन् आपाच्या दारात नंग्या हातानं जाईन? लोक थुकतीन माह्या धंद्यावर."

संध्याकाळी गाडी टायरवाल्याकडून परत आली तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. चारही चाकं मोठी, चांदीसारखी चकचकीत, मध्ये पाकळ्यांची नक्षी, आणि त्यावर हे असे रुंद, काळे, गुबगुबीत टायर. साबणाच्या वडीने कुस्तीगिराचे पाय लावून घेतले होते. मामू एका चाकावर नख वाजवून म्हणाला, "पाहा! गजराबांगडी!"

लेक बाहेर आली. तिने चाकं पाहिली, बापाला पाहिलं, आणि शाळेत मागच्या बाकाशी बोलतात तसं शांतपणे बोलू लागली. "अब्बा, टायर रुंद झालं, मऊ झालं, म्हणजे ते रस्त्याले जास्त धरून राह्यते. चाक जड झालं, म्हणजे फिरवाले जोर जास्त. अन् ह्या पाकळ्यातून हवा अडकते. पेट्रोलच्या गाडीत कळत नाही, पंपावर गेलं की झालं. आपल्याजवळ मोजून-मापून बॅटरी हाय. ती सगळी हे चाक खाऊन टाकीन."

"धरून राह्यते तं चांगलंच हाय नं," मामू म्हणाला. "माही बांगडी बी धरूनच राह्यते. म्हणून तं पडत नाई."

"बांगडीले आसेगावले जाचं नसते, अब्बा."

मामूने हे ऐकलं नाही असं दाखवलं. उलट दुसऱ्या दिवशी जाऊन चारही चाकांतली थोडी हवा काढून आला. का? तर आपाच्या कमरेला धक्का लागू नये. लेकीने कपाळावर हात मारला असता, पण तोवर तिच्या हातांवर ओली मेंदी होती. ती दारातून मला म्हणाली, "काका, तुमी सोबत जा. त्या पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसते, तो पाहात राहा. अब्बा नाही पाहणार."

असा मी त्या ऐतिहासिक मोहिमेचा आकडेवाला झालो.

जाताना मामू राजासारखा बसला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने चाकं पाहावीत म्हणून माणूस दिसला की गाडी हळू. एका म्हशीसाठीही हळू केली. मी आकडा पाहत होतो, आणि आकडा उन्हात ठेवलेल्या कुल्फीसारखा वागत होता. आसेगावच्या वेशीत शिरलो तेव्हा तो अर्ध्याच्या बराच खाली होता.

"मामू, परत जायला पुरणार नाही हे."

"हात ढिल्ला सोडा, फोटोवाले. आपाच्या घरी लावू चार्जिंगले, चहा पेऊ, निघू."

आपाच्या घरी लाईट नव्हती. कधी गेली? सकाळी. कधी येईल? या प्रश्नावर शेजारची म्हातारी नुसती हसली. आणि संध्याकाळच्या आत नवरीच्या हातात बांगडी पडायला हवी होती.

आपा तयार होऊन बसली होती. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि समोर सामान. तुरीचं पोतं. दोन भोपळे. टोपलीखाली कोंबड्यांची जोडी. आणि एक पाटा-वरवंटा.

"आपा, पाटा कायले?" मामूचा आवाज बारीक झाला.

"नवरीले. माह्या सासूचा हाय."

"आपा, मिक्सर हाय तिच्याजवळ."

"मिक्सर लाईटवर चालते," आपा म्हणाली. मामूने पाट्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. पाटा गाडीत चढला. मागची दोन्ही गुबगुबीत टायरं आणखी पसरली, मांडी घालून बसल्यासारखी.

परतीचा प्रवास मी मेलो तरी विसरणार नाही. एसी बंद. काचा बंद, कारण उघडल्या तर हवा अडते असं मला लेकीच्या बोलण्यावरून वाटलं. आत आम्ही तिघं, दोन कोंबड्या आणि लिंबाचा वास. वेग इतका कमी की एक सायकलवाला बराच वेळ आमच्या बाजूने चालला, चाकांकडे बघून मान डोलावली, आणि पुढे निघून गेला.

"आपा, मळमळते काय?" मामू दर दोन मिनिटांनी विचारायचा.

"नाई."

"आता?"

"अरे नाई! आली असती तं बरं होतं, सवय तरी हाय. हे असं चांगलं वाटून राह्यलं, त्याचंच भेव वाटते." आणि पिशवी बाजूला ठेवून तिने खिडकीला नाक लावलं. कित्येक वर्षांनी ती माहेरचा रस्ता पाहत होती. "हे कोणाचं वावर? विहीर कुठं गेली अठची? भाई, हळू चालव."

"याच्यापेक्षा हळू नाई चालत, आपा."

चालली मात्र. याच्यापेक्षाही हळू चालली, मग त्याच्याहीपेक्षा हळू, आणि वाशीमची पाण्याची टाकी समोर दिसू लागली तेव्हा गाडी एक सभ्य आवाज करून थांबली. पडद्यावर कासवाचं चित्र होतं. तेही विझलं.

मामू खाली उतरला. चारही चाकांकडे एकेकदा पाहिलं. माप घ्यायचं तो विसरला.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. चांगला माणूस, विचारायच्या आधी दोर काढला. पण त्याच्या नळकांड्यातून धुराचा एक काळा भपका आला मात्र, आपाने पिशवी तोंडाला लावली आणि आतून दार धरून ठेवलं. "मी याच्या मांगं बसत नाई! सांगून ठेवतो! पायी बी नाई येत, माहे गुडघे आसेगावलेच राह्यले!"

ट्रॅक्टरवाला गेला. मामू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. ऊन कलायला लागलं होतं. "माह्या लेकीचा हात," तो एवढंच म्हणाला, आणि खरं सांगतो, मला कुठलाही विनोद सुचला नाही.

रस्त्याला लागून भाजीची वाडी होती. सहा-सात बाया मेथी खुडत होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली.

"वो बाई! मामू हाय नं थो?"

सगळ्या उठल्या. बांध ओलांडून, चिखलाच्या हातांनी रस्त्यावर आल्या. एकेकीच्या मनगटात हिरवा चुडा, आणि तो प्रत्येक चुडा कोणी भरला होता, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"काय झालं, मामू?"

"मेली," मामू म्हणाला.

"मंग बसा आत. ढकलतो आमी."

एक धिप्पाड बाई चाकापाशी वाकली, टायरवर बोट दाबून पाहिलं. "इतक्या जाड बांगड्या कायले भरल्या हिले? हे चाक हाय का लोड?"

"लेकीच्या लग्नाले."

"नवरीले भराच्या असते, मामू. गाडीले नाई."

आणि ढकलायला लागल्या. मीही लागलो; माझ्या ढकलण्याने काय फरक पडला ते देव जाणे. गाडी हलेना. हवा कमी, टायर रुंद, वर पाटा. डांबराला मिठी मारून बसली होती. बायांनी पदर खोचले, एकीने "हो-होऽ" म्हटलं, आणि गाडी कुरकुरत निघाली. कट्! पहिली बांगडी फुटली. कट्, कट्! आणखी दोन. मामूने स्टिअरिंगवरून खिडकीबाहेर मान काढली. काचेचा हा आवाज ऐकून त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"हात ढिल्ले सोडा, माय! हात ढिल्ले सोडा!"

"ढिल्ले सोडले तं ढकलन कोण? तुहा बाप?"

"मंग फुटू द्या!" मामू ओरडला. "आजच्या फुटलेल्या माह्या! पायरी उतरलेल्या बी माह्या! सगळ्या माह्या!"

मंडळी, दगडावरची रेघ पुसली गेली. मी साक्षीला होतो, आणि या वेळी माझी साक्ष कोणी मागितली नाही.

आम्ही गावात शिरलो ते वरातीसारखे. मेथीच्या चिखलाने माखलेल्या बाया ढकलतायत, मागच्या सीटवर आपा पाट्याला टेकून दोन्ही बाजूंना सलाम करतेय, कोंबड्या ओरडतायत. आपा घरात गेली, हात धुतले, नवरीचा हात मांडीवर घेतला. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. मामू मागे उभा, ओठ हलू लागले.

"तू चूप," मागे न पाहता आपा म्हणाली. आणि बांगडी गेली.

पुढच्या आठवड्यात बाया हिशेबाला आल्या. वाडीत सहा-सात होत्या. दुकानात अर्धं गाव लोटलं. ज्यांनी मेथी आयुष्यात खुडली नाही अशाही आल्या, मनगट पुढे करून म्हणाल्या, "मी बी होती नं मामू, मांगून." मामूला सगळं कळत होतं. "होती, होती," म्हणायचा आणि भरायचा.

गाडीला तिची जुनी बारीक चाकं परत बसली, सपाट ताटल्यांसकट, आणि टायरमध्ये कडक हवा. ती चकचकीत चाकं दुकानाच्या भिंतीवर टांगली आहेत. पाकळ्या-पाकळ्यांना बांगड्या लटकवल्यात, चाक फिरवलं की लाल जाते, हिरवी येते. धंदा वाढला म्हणतात. ती चाकं आता मामूची बायको, मामी फिरवते.

मामी का? कारण लग्न आणि बायांचा हिशेब आटोपल्यावर मामू आपाला सोडायला आसेगावला गेला, तो अजून परत आलेला नाही.

पहिल्या आठवड्यात मी फोन केला. "कधी येता?" "गाडी चार्जिंगले लावली हाय, फोटोवाले. भरली का निघतोच." महिन्याने केला. "चार्जिंग चालू हाय. अठची लाईट मोठी हळू हाय." पावसाळा गेला, दिवाळी गेली. "निघतोच. भरतच आली." मामीला विचारलं तर ती चाक फिरवत म्हणाली, "भरू द्या वो. तुमाले काय घाई हाय?"

परवा मीच गेलो बघायला. दुपारची वेळ. गाडी कडुनिंबाखाली उभी, बारीक चाकांजवळ कोंबड्या बसलेल्या, जणू त्यांचीच गाडी. आपा खाटेवर होती, फार खंगलेली. मामू खाटेच्या कडेला बसून तिचा हात हातात धरून होता. दुसऱ्या हातात लहान मापाच्या बांगड्या. पोरींना भरतात त्या. आपाच्या मनगटाला आता त्याच बसत होत्या. घालताना काही अडतही नव्हतं. भरून झाल्या तरी त्याने हात सोडला नव्हता.

"हात ढिल्ला सोड, भाई," डोळे मिटलेले असतानाच आपा म्हणाली. "मी कुठं पळून जाऊन राह्यली?"

मामूने मला पाहिलं. घाईघाईने उठला. "अरे फोटोवाले! या, या! म्या निघालोच होतो. हे काय, नुसती चार्जिंग..."

मी अंगणात पाहिलं. चार्जिंगची ती काळी, जाड वायर कडुनिंबापासून ओट्याच्या खांबापर्यंत ताणून बांधली होती, आणि तिच्यावर आपाची ओढणी वाळत होती.

मी वायरकडे पाहताना त्याने मला पाहिलं.

"किती झाली?" मी विचारलं.

"थोडीशी राह्यली हाय."

"होऊ द्या मामू," मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या." आणि एस.टी. पकडायला निघालो. गाडीने सोडतो असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.